चावा वाचायला शिका: दातांच्या ठेवणीची पहिली ओळख

"समोरचा हा एकच दात आत गेलाय, तेवढा पुढे काढून द्या."

हे ऐकलं की मी मान डोलावते, ओठाची कड बोटाने बाजूला करते आणि आधी मागची दाढ बघते. खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं की बाईंनी आपलं नीट ऐकलेलं नाही. ऐकलेलं असतं. पण तो दात आत का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दातापाशी सापडत नाही.

ऑर्थोडॉन्टिक्स म्हणजे दात आणि जबडे यांची ठेवण तपासून ती सुधारणारी दंतवैद्यकाची शाखा. बोलीत आपण 'तारा लावणं' म्हणतो. मुलाला घेऊन आलेला पालक असो, स्वतः उपचार घ्यावेत का या विचारात असलेला माणूस असो की दंतवैद्यकाच्या सुरुवातीच्या वर्षांतला विद्यार्थी, नवखा माणूस अडखळतो ती जागा एकच. तो दात बघतो, चावा बघत नाही. दात ओळीत कसे उभे आहेत ती ठेवण, आणि तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांत कसे बसतात तो चावा. सगळे दात सरळ असून चावा साफ चुकलेला असू शकतो. उलट दोन दात जरा तिरके आहेत पण चावा उत्तम, अशी माणसंही भरपूर. त्यांनी काहीच केलं नाही तरी चालतं.

पुढचा मजकूर आरसा, टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी जवळ घेऊन वाचा. गाल बाजूला धरायला एक स्वच्छ चमचा पुरतो.

आधी मोजणी

दुधाचे दात २०, कायमचे ३२. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात मध्यापासून मागे जाताना पटाशीचे दोन दात, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा लागतात. तिसरी म्हणजे अक्कलदाढ. ती कधी येते, कधी अडकते आणि काहींना मुळातच नसते.

रिपोर्टवर '४६' किंवा '१३' असे आकडे दिसले तर दचकू नका. ते दोन स्वतंत्र अंक असतात. पहिला अंक तोंडाचा कोपरा सांगतो: पेशंटच्या उजवीकडे वरचा १, डावीकडे वरचा २, डावीकडे खालचा ३, उजवीकडे खालचा ४. दुसरा अंक मध्यापासूनचा क्रमांक. म्हणजे ४६ ही उजवीकडची खालची सहावी, अर्थात पहिली दाढ, आणि १३ हा उजवीकडचा वरचा सुळा. दुधाच्या दातांसाठी कोपऱ्यांचे अंक ५ ते ८ वापरतात.

त्या '६' क्रमांकाच्या दाढेपाशी जरा थांबू. कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे ती गुपचूप उगवते. पालक तिला दुधाचीच समजतात, ती किडते, आणि 'पडणारच आहे' म्हणून तशीच सोडली जाते. ती पडणारी नसते. सगळा चावा ज्या दाढेवरून मोजायचा तीच अशी लवकर गमावली की मागची दाढ पुढे कलते, शेजारचे दात सरकतात आणि पुढचं गणित बिघडत जातं. सहा-सात वर्षांचं मूल घरात असेल तर आज रात्री टॉर्च मारून मागून मोजा. दुधाच्या दोन दाढांच्या मागे तिसरी दिसली तर तीच ती.

खरा चावा दाखवायचा कसा

हे सोपं वाटतं, पण इथेच चूक होते. कुणालाही 'दात दाखव' म्हटलं की तो खालचा जबडा नकळत पुढे आणतो आणि समोरच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकवतो. फोटोत असंच हसायची सवय असते ना! त्या स्थितीत काहीही मोजलं तरी चूकच येणार.

जिभेचं टोक टाळूला लावून मागे न्या, एकदा आवंढा गिळा आणि मागच्या दाढा एकमेकींवर मिटू द्या. आता चमच्याने गाल बाजूला करा. दिसतो तो तुमचा चावा. मुलाला करायला लावत असाल तर तीन-चार वेळा करून घ्या, आणि दर वेळी जबडा एकाच जागी मिटतो का ते बघा. हा तपशील पुढे लागणार आहे.

चाव्याकडे तीन दिशांनी बघायचं: पुढे-मागे, वर-खाली आणि आडवं. एकाच तोंडात तिन्ही दिशांना वेगवेगळी गडबड असू शकते. म्हणून 'दात वाकडे आहेत' या वाक्यातून डॉक्टरला फारसं काही कळत नाही.

पुढे-मागे: अँगलचे तीन वर्ग

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली मांडलेली वर्गवारी अजून सगळीकडे पहिली भाषा म्हणून वापरली जाते. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेला गालाच्या बाजूने दोन टोकं असतात. त्यातलं पुढचं टोक खालच्या पहिल्या दाढेवरच्या, पुढच्या दोन टोकांमधल्या खाचेत नेमकं बसलं तर तो पहिला वर्ग. खालची दाढ त्याहून मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. घरच्या आरशात दाढ दिसणं अवघड जातं, तेव्हा सुळा बघा. पहिल्या वर्गात वरच्या सुळ्याचं टोक खालचा सुळा आणि त्याच्या मागची उपदाढ यांच्या फटीवर येतं. उजवी आणि डावी बाजू वेगळी तपासा, कारण त्या सारख्या असतीलच असं नाही.

हे आकडे तीव्रता सांगत नाहीत. 'तिसरा वर्ग म्हणजे केस हाताबाहेर गेली का?' असं रडवेल्या आवाजात विचारणारे पालक मी पाहिलेत. तिसरा हा फक्त दिशेचा शिक्का आहे. तसंच 'पहिला वर्ग' म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. दाढा जागेवर आणि समोर दातांची चेंगराचेंगरी, ही फार नेहमीची जोडी आहे.

दुसऱ्या वर्गाचे दोन पोटभाग आहेत. पहिल्यात वरचे समोरचे दात पुढे आलेले असतात, कधी खालचा ओठ त्यांच्या मागे अडकलेला दिसतो. दुसऱ्यात मधले दोन दात उलट आत कललेले आणि त्यांच्या बाजूचे दोन बहुधा बाहेर डोकावणारे. हा दुसरा पोटभाग फसवा. समोरून बघणाऱ्याला दात पुढे आलेले दिसत नाहीत, त्यामुळे खालचा जबडा मागे आहे हे लक्षातच येत नाही.

आता पट्टी घ्या. वरच्या समोरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचं आडवं अंतर मोजा. याला ओव्हरजेट म्हणतात, आणि साधारण २ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ते बरंच वाढलेलं असेल तर पडल्या-आपटल्यावर वरचे दात तुटण्याचा धोका वाढतो. खेळकर मुलांच्या बाबतीत हा मुद्दा मी दिसण्याच्या मुद्द्याच्या आधी सांगते. खालचे दात वरच्यांच्या पुढे असतील तर ओव्हरजेट उणा धरतात.

अँगलची वर्गवारी दातांची आहे, हाडांची नाही. दाढा दुसऱ्या वर्गात का आहेत, वरचा जबडा पुढे आहे म्हणून की खालचा मागे राहिला म्हणून की नुसत्या दाढाच सरकल्यात म्हणून, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो, सेफॅलोग्राम. तो मोजून घेण्याची पद्धत १९३१ पासून वापरात आहे.

वर-खाली: डीप बाइट आणि ओपन बाइट

दात मिटल्यावर वरचे समोरचे दात खालच्यांना किती झाकतात तो ओव्हरबाइट. खालच्या दाताचा साधारण एक तृतीयांश भाग झाकला जाणं स्वाभाविक. लोक पुढे आलेल्या दातांना सर्रास 'ओव्हरबाइट' म्हणतात, पण ते मघाचं ओव्हरजेट. एक आडवं माप, दुसरं उभं. डॉक्टरांशी बोलताना एवढा फरक पाळलात तरी बोलणं निम्मं सोपं होतं.

खालचे दात जवळपास पूर्ण झाकले गेले तर डीप बाइट. यात दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. तोंड उघडून वरच्या दातांच्या मागे टाळूवर बघा. खालच्या दातांचे बारीक ठसे किंवा लाली दिसली, तर तिथे हिरडी रोज चावली जातेय.

उलटा प्रकार ओपन बाइट. मागच्या दाढा मिटल्या तरी समोर फट उरते. समोरच्या दातांत दोरा धरून तोडायला सांगा, तुटत नाही. लहान मुलात याचं नेहमीचं कारण अंगठा चोखणं. अंगठा जिथे बसतो तिथे दात पुरेसे वर-खाली येऊच शकत नाहीत. कायमचे समोरचे दात येण्याआधी सवय सुटली तर फट बरेचदा आपोआप भरून येते, म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या मागे काठी घेऊन लागायची गरज नाही. आठव्या वर्षी सवय चालू असेल तर मात्र मदत घ्या. अंगठा सुटल्यावरही फट उरली असेल तर जीभ बघावी. गिळताना ती दातांच्या फटीत येते का, एरवी खाली पडून असते का, मूल सतत तोंडाने श्वास घेतं का? नाक चोंदलेलं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. कारण तसंच राहिलं तर तारांनी मिटवलेली फट पुन्हा उघडते.

आडवं: डबा आणि झाकण

वरची दातांची कमान झाकण, खालची डबा. झाकण डब्याच्या थोडं बाहेरून बसायला हवं, सगळीकडे. एखाद्या ठिकाणी वरचा दात खालच्याच्या आत गेला की तो क्रॉसबाइट. तो समोर असू शकतो, दाढांत असू शकतो, एका दाताचा किंवा अख्ख्या बाजूचा. वरची दाढ पूर्णच बाहेरून निसटली आणि दोघींची चावायची पृष्ठं भेटतच नाहीत, तर सिझर बाइट. हा क्वचित दिसतो.

मघाशी जबडा एकाच जागी मिटतो का बघायला सांगितलं होतं, ते यासाठी. मूल तोंड हळूहळू मिटतंय. हनुवटी सरळ वर येते. दुधाचे सुळे टेकतात, टोकावर टोक. तिथे क्षणभर ती अडते, आणि मग पूर्ण मिटण्यासाठी हनुवटी अलगद डावीकडे सरकते. मिटलेल्या तोंडात डावीकडे क्रॉसबाइट दिसतो, उजवीकडे सगळं ठीक. बघणारा म्हणतो डावीकडे दोष आहे. खरं तर वरची कमान दोन्ही बाजूंनी अरुंद आहे, आणि मुलाने चावता यावं म्हणून जबडा एका बाजूला सरकवायची वाट शोधून काढलीय. वाढत्या वयात रोज असं मिटत राहिलं तर जबडा त्याच कलाने वाढू शकतो.

म्हणून हा प्रकार लवकर हाताळायचा. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो आणि वाढीच्या वयात तो हळूहळू रुंदावता येतो. वय वाढलं की तो घट्ट होत जातो आणि तेच काम अवघड होऊन बसतं.

ओळीतली गडबड

आता कुठे लोकांना दिसणाऱ्या गोष्टींपाशी आलो. एकावर एक चढलेले दात म्हणजे जागेची तूट, आणि ती मोजता येते. दातांच्या रुंदीची बेरीज करायची, कमानीवर उपलब्ध असलेली जागा मोजायची, वजाबाकी करायची. ४ मिलिमीटरपर्यंतची तूट सौम्य, ८ च्या पुढची मोठी धरतात. दात काढावे लागणार का, हा प्रश्न बराचसा या वजाबाकीवर आणि चेहऱ्याच्या ठेवणीवर ठरतो. 'दात न काढता करतो' ही जाहिरात असू शकते, निदान नाही.

वरचा सुळाच का एवढा उंच चढून बसतो? कारण तो उशिरा, अकरा-बाराव्या वर्षी येतो, तेव्हा शेजारी आधीच बसलेले असतात. कधी तो बाहेर येतच नाही, टाळूच्या बाजूला हाडात अडकतो. अक्कलदाढांखालोखाल अडकणारा दात हाच. दहाव्या वर्षी वरच्या ओठाखाली हिरडीवर बोट फिरवा. दुधाच्या सुळ्याच्या मुळापाशी दोन्हीकडे उंचवटा लागायला हवा. एकीकडेच लागला तर एक्स-रे काढायची ती वेळ. या वयात सापडलेला सुळा बरेचदा वाटेवर आणता येतो.

फटींचं मात्र उलटं. आठ ते अकरा वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत फट आणि बाजूचे दात पंख्यासारखे पसरलेले असतील, तर ती बरेचदा वाढीतली एक अवस्था असते. वरून उतरणारे सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात. सुळे आले की फट मिटत जाते. न मिटणाऱ्या फटीमागे जादा दात, न आलेला दात, बुटका दात किंवा ओठ हिरडीला जोडणारी जाड दोरी अशी कारणं असतात. आणि काहीही झालं तरी फट मिटवायला घरी दातांभोवती रबरबँड अडकवू नका. दात मुळाकडे निमुळता असल्याने रबर सरकत हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि दाताभोवतीचा आधार कापत जातं. असे चांगले दात गमावले गेलेत.

स्वतःभोवती फिरलेले दात, किंवा सुळा आणि उपदाढ यांनी जागाच बदललेली, असेही प्रकार आहेत. ते ओळखता आले की पुरे.

कधी दाखवायचं आणि तारा करतात काय

पहिली तपासणी साधारण सातव्या वर्षी करावी, तोवर पहिल्या दाढा आणि समोरचे काही कायमचे दात आलेले असतात. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. बहुतेक मुलांना 'सहा-आठ महिन्यांनी या' एवढंच सांगितलं जातं. लवकर हात घालायचे ते क्रॉसबाइटला, तिसऱ्या वर्गाकडे झुकलेल्या वाढीला आणि सुटत नसलेल्या सवयींना. बाकीचं बरंचसं कायमचे दात आल्यावर. मोठ्यांचेही दात सरकतात, त्याला वयाची अट नाही. हाडं आणि हिरड्या निरोगी हव्यात.

दात हाडाला चिकटलेला नसतो. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात एका बाजूला ढकलला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ताणाच्या बाजूला नवं तयार होतं. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. 'जरा जास्त घट्ट करा, लवकर आटपेल' ही विनंती नेहमीची. जोर फार झाला तर त्या पडद्यातला रक्तपुरवठा दबतो, तिथली पेशीरचना मरते आणि दात आहे तिथेच अडून बसतो. शिवाय मूळ झिजण्याचा धोका. तार धरायला दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट असो वा दातांवर चढवायचा पारदर्शक साचा म्हणजे अलायनर, हाडाचं गणित तेच.

पहिल्या भेटीला हातात असू दे हा कागद

आतापर्यंत जे बघितलं, मोजलं ते एका कागदावर उतरवा. सुरुवातीच्या त्या माणसाचा कागद असा झाला: 'दाढा उजवीकडे पहिला वर्ग, डावीकडे तिसरा. ओव्हरजेट १ मिलिमीटर. ओव्हरबाइट ठीक. १२ क्रॉसबाइटमध्ये. वरची जागा ५ मिलिमीटर कमी. मिटताना हनुवटी उजवीकडे सरकते.' आत गेलेला एकच दात हा १२. त्याला पुढे यायला ओळीत जागा नव्हती, आणि समोर खालचा दात वाट अडवून उभा होता. आधी जागा, मग चावा थोडा उघडून ठेवायचा, मग दात. क्रम बदलला असता तर तो पुढे येऊन पुन्हा आतच गेला असता.

असाच कागद तुमचा तयार करा, अर्धवट राहिला तरी न्या. डॉक्टरांना विचारा: दोष दातांचा की जबड्याचा? दात काढणार असाल तर कोणते आणि ती जागा कशासाठी? काहीच केलं नाही तर काय होईल? आणि तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, कोणता आणि किती काळ?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि पुढे दोन वर्षांनी तेच लोक 'दात परत वाकडे झाले' म्हणून येतात. हिरडीतले लवचिक तंतू नव्या जागेला सरावायला जवळपास वर्ष घेतात, फिरवून सरळ केलेल्या दाताचे तर सगळ्यात हट्टी. वयाबरोबर खालच्या समोरच्या दातांत थोडी दाटी होत जातेच. त्याचं खापर अक्कलदाढेवर फोडायची पद्धत आहे, पण दाटी टाळण्यासाठी म्हणून अक्कलदाढ काढण्याला पुराव्याचा आधार नाही. रिटेनर लावायचा राहिला आणि आठवड्याने घालताना घट्ट लागला, तर दात सरकायला लागलेत. बसत असेल तोवर घालत राहा. बसतच नसेल तर जोर लावून दाबू नका, तोच घेऊन डॉक्टरांकडे जा.